स्वतः काढलेल्या घराच्या प्लॅनवर मत घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरांचे प्लॅन काढून देणारं आमचं ऑफिस सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. आठवड्यातून दोन-तीनदा तरी मोबाईलवर गणिताच्या वहीच्या पानाचा फोटो येतो. पेन्सिलीच्या रेघा, रबराने खोडल्याच्या खुणा, कोपऱ्यात कपाचा गोल डाग आणि खाली एक ओळ: “मॅडम, कसा वाटतोय प्लॅन?” तेच ते प्रश्न फोनवर पुन्हा पुन्हा निघतात, म्हणून उत्तरं एकदाच इथे लिहून ठेवते.

प्लॅन आम्ही घरीच काढला. चूक तर केली नाही ना?

नाही. काढून आणणाऱ्यांनी निदान आपल्याला काय हवं याचा विचार तरी केलेला असतो. कोरे हात घेऊन येणारे “तुम्हीच काढा काहीतरी” म्हणतात आणि मग सहा वेळा बदलायला लावतात.

“आमच्या आजोबांनी ड्रॉइंगशिवायच वाडा बांधला की,” असं बरेच जण सुनावतात. खरं आहे. गवंडी काठीने जमिनीवर रेघा ओढायचा आणि घर उभं राहायचं. पण सोपा, माजघर, स्वयंपाकघर, परडं हा साचा पिढ्यान्‌पिढ्या वापरून घासून निघालेला होता, त्यातल्या चुका आधीच कोणीतरी भोगून झाल्या होत्या. तुमच्या प्लॅनमध्ये अटॅच बाथरूम आहे, पोर्च आहे, आतून जिना आहे, वर सिंटेक्सची टाकी आहे. हे सगळं या पद्धतीने एकत्र कोणी वापरून बघितलेलं नाही. म्हणून दुसऱ्याची नजर लागते.

मत मागायला पाठवताना कागदावर काय काय असायला हवं?

उत्तरेचा बाण. दहातल्या आठ कागदांवर तो नसतो. रस्ता कुठल्या बाजूला, प्लॉटची चारही बाजूंची मापं (मोजणीच्या नकाशावरची, अंदाजाने टाकलेली नकोत), शेजारचं घर कुठे आणि किती मजली, बोअर, लाईटचा खांब, तोडायचं नसलेलं झाड, उताराची दिशा. एवढं नसेल तर मी खोल्यांबद्दल जे बोलेन ते हवेतलं असेल.

दुसरं म्हणजे घरात कोण कोण राहणार ते लिहा, वयासकट. आई ७२, गुडघेदुखी. थोरला दहावीला. धाकटी दोन वर्षांनी लग्नाची. म्हैस आहे का, ट्रॅक्टर आहे का, घरातून काही धंदा चालतो का. कागदाच्या मागच्या बाजूला हे दहा ओळींत बसतं, आणि मला पुढच्या बाजूपेक्षा तेच जास्त कामाला येतं.

आणि एक विनंती. आत्ता राहता त्या घराच्या खोल्या टेपने मोजून तीही मापं सोबत लिहा. “हॉल १४ बाय १२ पुरेल का?” याला माझ्याकडे उत्तर नसतं. आत्ताचा हॉल १० बाय १२ आहे आणि त्यात गणपतीला दाटी होते, हे कळलं की उत्तर तुमचं तुम्हालाच मिळतं.

आमचा प्लॉट गुंठ्याचा आहे, मग १०८९ चौरस फूट घर बसेल ना?

३३ गुणिले ३३ हे सगळ्यांना पाठ असतं. पण बाजूने मोकळी जागा सोडावी लागते. सरकारी भाषेत तिला सामासिक अंतर म्हणतात. किती सोडायची ते प्लॉटचा आकार, रस्त्याची रुंदी आणि प्लॉट कोणाच्या हद्दीत येतो यावर ठरतं, तरी नमुन्यादाखल चारही बाजूंनी पाच-पाच फूट धरा. उरतात २३ बाय २३, म्हणजे ५२९ चौरस फूट. निम्म्याहून कमी. एकाच मजल्यावर तीन बेडरूम काढलेले प्लॅन इथेच कोसळतात, म्हणून खोल्या आखण्याआधी हा चौकोन आखा.

भिंतींची जाडी दाखवायलाच हवी का? आम्ही एकेरी रेघ मारली आहे.

हवीच. ३० बाय ४० फुटांच्या घराला बाहेरून नऊ इंची भिंत घेतली, तर आतून ते २८ फूट ६ इंच बाय ३८ फूट ६ इंच होतं. १२०० चे राहतात १०९७. जवळजवळ १०३ चौरस फूट नुसत्या बाहेरच्या भिंतीत गेले, म्हणजे १० बाय १० ची आख्खी खोली. आतल्या भिंती आणि प्लॅस्टर त्यात धरलेलंच नाही. कोकणात जांभ्याची भिंत घेणार असाल तर आधी चिऱ्याचं माप विचारा आणि मगच रेघ मारा.

आता हीच चूक बेडरूममध्ये बघा. वहीत १० बाय १० ची खोली आहे. एका बाजूला बाहेरची नऊ इंची भिंत, समोर आतली साडेचार इंची, वहीतली रेघ प्रत्येक भिंतीच्या जाडीच्या मधोमध. दोन्हीकडची अर्धी जाडी आणि प्लॅस्टर वजा केलं की हातात उरतात साधारण ९ फूट ४ इंच. साडेसहा फूट लांबीचा पलंग भिंतीला लावला, समोर दोन फूट खोलीचं कपाट ठेवलं, की मध्ये दहा इंच राहतात. कपाटाचं दार उघडायला पलंगावर चढावं लागतं. अतिशयोक्ती नाही ही, अशी दोन घरं मी आतून पाहिली आहेत.

उपाय सोपा आहे. चौकटीच्या वहीत एक चौकट म्हणजे एक फूट धरा. भिंतींना दुहेरी रेघा मारा. पलंग, कपाट, सोफा, फ्रीज, वॉशिंग मशीन त्याच मापाने जाड कागदातून कापा आणि प्लॅनवर फिरवा. हे काम घरातल्या पोरांना द्या. ती मोठ्यांपेक्षा चांगलं करतात आणि खोटं बोलत नाहीत.

सगळ्यात आधी कोणाला दाखवू? इंजिनिअरला, गवंड्याला, की वास्तूवाल्याला?

घरात जो जास्तीत जास्त वेळ असतो आणि कमीत कमी बोलतो, त्याला.

एकदा एक कुटुंब आलं होतं. तीन भाऊ टेबलावर कागद पसरून एकमेकांच्या वर बोलत होते, त्यांची आई दाराजवळच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. प्लॅनमध्ये ग्रॅनाईटचा एल आकाराचा ओटा, चिमणी, ट्रॉल्या, सगळं. मी सहज विचारलं, “मावशी, भाकरी कुठं करता?” त्या म्हणाल्या, “भाकरी व्हय? मागं चुलीवर. ग्यासवरची ह्यांना गोड लागत न्हाई.” तिघं गप्प. प्लॅनमध्ये घराला मागचं दारच नव्हतं.

तर आधी घरातली बाई, म्हातारं माणूस, मूल. मग असं घर अलीकडे बांधून दोन पावसाळे काढलेला कोणी. त्याला “काय चांगलं झालं” विचारू नका, “आज बांधलंत तर काय बदलाल” विचारा. तासभर बोलतो तो. नंतर गवंडी आणि प्लंबर. प्लंबरला लोक विसरतात. संडासाचा पाईप बीमला अडवतोय की नाही आणि चेंबरपर्यंत उतार मिळतोय की नाही, हे त्याला एका नजरेत दिसतं. शेवटी इंजिनिअर किंवा आर्किटेक्ट. शेवटी अशासाठी की तोवर तुम्हाला नक्की काय विचारायचं ते कळलेलं असतं.

ज्याला दाखवतो तो “छान आहे” म्हणतो. खरं मत कसं काढायचं?

तुम्ही “कसा वाटला?” विचारलंत तर समोरचा “छान” म्हणणारच. सोयरा माणूस, चहा पिऊन चाललाय, तुमच्या उत्साहावर पाणी कशाला ओतेल? प्रश्नच बदला. प्लॅन पुढे करू नका, घरातला एक दिवस पुढे करा आणि त्याला बोट फिरवायला सांगा.

पहाटे साडेपाचला दूधवाल्याने बेल वाजवली. कोण उठलं, कुठल्या खोलीतून गेलं, कोणाची झोपमोड झाली? सातला चौघांना एकदम आंघोळीला जायचंय. बाथरूम किती, आणि त्यातलं एक बेडरूममधूनच असेल तर पाहुणा कुठे जाणार? गॅसचं सिलिंडर आलं. ते पुढच्या दारातून हॉलभर फरपटत नेणार का? भाजी घेऊन आत आलात, पिशव्या ओट्यापर्यंत किती पावलं? हॉलमध्ये सोयरे बसलेत आणि सुनेला न्हाणीघरातून केस पुसत तिच्या खोलीत जायचंय. वाट कुठून आहे? धुणं मशीनमधून निघालं, वाळत कुठे पडलं? रात्री थोरला अभ्यासाला बसलाय आणि आजोबांना बातम्या मोठ्या आवाजात लागतात. मध्ये भिंत आहे का नुसता पडदा?

मग वर्षाचे सण फिरवा. गौरी कुठे उभ्या राहणार, आरतीला पंचवीस माणसं कुठे उभी राहणार, चपलांचा ढीग कुठे पडणार? वर्षाचं धान्य भरता का? ज्वारी-गव्हाची पोती ठेवायला प्लॅनमध्ये जागा लागते, आणि ती ओल न लागणारी हवी. उन्हाळ्यात पापड-कुरडया गच्चीवर नेताना तो परातीचा डोलारा सांभाळत जिन्यावरून वळता येईल का?

एवढं फिरवलं की प्लॅन आपोआप बोलायला लागतो. यातला धुण्याचा प्रश्न मी अनुभवाने घातलाय. माझ्या स्वतःच्या घरात मी धुणं वाळत घालायची जागाच काढली नव्हती. पदवी असून. गच्ची आहे की, असं मनात होतं. साताऱ्याकडचा जुलै आला आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात आमच्या हॉलमध्ये पंख्याखाली दोऱ्या लागतात. पाहुण्याच्या डोक्यावर टॉवेल.

मतं एकमेकांच्या विरुद्ध आली तर कोणाचं ऐकायचं?

मत आणि कारण वेगळं काढा. “किचन मोठं हवं होतं” हे मत झालं. “फ्रीजचं दार उघडलं की ओट्याशी उभ्या माणसाला लागतंय” हे कारण आहे, ते टेपने मोजून खरं-खोटं करता येतं. कारण नसलेली मतं वहीत लिहून ठेवा. तीच गोष्ट तिघांनी वेगवेगळी सांगितली तर मात्र तिथे काहीतरी आहे, भले त्यांचा सुचवलेला उपाय चुकीचा असो.

आणि जो त्या घरात झोपणार नाही, त्याच्या मताला अर्धं वजन. मामांनाही.

जिन्याला नेहमी नावं ठेवता. एवढं काय अवघड आहे त्यात?

कारण घरी काढलेल्या प्लॅनमध्ये सगळ्यात जास्त तोच चुकतो आणि नंतर तोच बदलता येत नाही. बहुतेक जण ६ बाय ८ चा चौकोन काढून त्यात आडव्या रेघा मारतात.

हिशेब मांडू. खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत दहा फूट, म्हणजे १२० इंच. अठरा पायऱ्यांत चढायचं तर एक पायरी पावणेसात इंचांच्या जरा खाली येते, चढायला ठीक. मध्ये वळण घेऊन नऊ-नऊ. प्रत्येक बाजूला पाय ठेवायच्या पायऱ्या आठ, कारण नववं पाऊल वळणाच्या चौथऱ्यावर किंवा मजल्यावर पडतं. दहा इंची पायरी धरली तर आठाला ८० इंच, म्हणजे ६ फूट ८ इंच. वळणाला तीन फूट. झाले ९ फूट ८ इंच. खाली पाय टाकायला आणि वर उतरून उभं राहायला मोकळी जागा वेगळी. रुंदी तीन अधिक तीन आणि मध्ये कठड्याला थोडी फट.

तुमच्या आठ फुटांत वळणाचे तीन गेले की पाच उरतात. साठ इंचांत आठ पायऱ्या, म्हणजे पायरी साडेसात इंच. टाच बाहेर राहते. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मध्ये राहत्या घराला पायरीची रुंदी किमान २५० मिलिमीटर आणि उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर सांगितली आहे, ती उगाच नाही. चढताना काही वाटत नाही, पण उतरताना माणूस पडतो.

आणखी एक: जिन्याखाली संडास काढला असेल तर तिथे डोकं किती इंचांवर लागतं ते मोजा. देवघर काढलं असेल तर त्याचं घरच्यांशी बोला.

वास्तुशास्त्र पाळायचं का?

हा तुमच्या घरचा प्रश्न. मी वाद घालत नाही. आग्नेयेला स्वयंपाकघर, ईशान्येला देवघर, नैऋत्येला मोठी बेडरूम हे प्लॉट साथ देत असेल तर बसवून देते, बऱ्याचदा बसतं. माझी अट एकच: वास्तूचा सल्ला घ्यायचा तर पहिल्या कागदावरच घ्या. कॉलम ठरल्यावर, परवानगीला फाईल गेल्यावर कोणीतरी येऊन “संडास हलवा” म्हणतो आणि मग तो हॉलच्या आणि रस्त्याच्या मध्ये येऊन बसतो. दिशा साधली म्हणून उजेड आणि वारा माफ होत नाही, तेही बघा.

नागपूरच्या चुलतभावाचा प्लॅन आम्हाला आवडला. तोच वापरू का?

खोल्यांची रचना बघायला वापरा, खिडक्या मात्र उचलू नका. नागपुरात उन्हाळ्याचा कूलर खिडकीला बाहेरून बसतो. त्याला स्टँड हवा, पाणी हवं, आणि समोरच्या बाजूने हवा बाहेर पडायला वाट हवी, नाहीतर खोली नुसती दमट होते. त्यांच्या खिडक्या त्या हिशेबाने असतात. रत्नागिरीत पाऊस नैऋत्येकडून वाऱ्याबरोबर आडवा येतो. तिथे पश्चिमेच्या भिंतीला दीड फुटाच्या छज्ज्याचा काही उपयोग नाही, पडवीच हवी. पडवी हा शोभेचा भाग नव्हता कधीच.

आमच्याकडे देशावर भांडण पश्चिमेच्या उन्हाशी. उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो, छज्जा काम करतो. चारनंतर तो खाली उतरतो आणि छज्ज्याखालून सरळ पलंगावर येतो. त्या भिंतीला जिना, बाथरूम, कपाटं लावा. झोपायची खोली टाळता आली तर टाळा. आणि प्रत्येक खोलीत बोट ठेवून सांगा, वारा कुठून आला आणि कुठून गेला. एकच खिडकी असेल तर तो आत येत नाही, दारातून परत जातो.

आत्ता तळमजला, वरचा मजला मुलगा नोकरीला लागल्यावर. प्लॅनमध्ये काय धरायचं?

वरचा प्लॅन आत्ताच काढा, कच्चा का होईना. जिन्याची जागा, बाथरूमवर बाथरूम, भिंतीखाली बीम. कॉलम किती जाडीचे आणि पाया किती हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने दोन मजल्यांच्या वजनावर ठरवायचं असतं, गवंड्याने “होईल साहेब” म्हणून नाही. आपला जिल्हा कोयनेचा आहे. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आठवणारी माणसं अजून आहेत गावात. “हॉलमध्ये मधला कॉलम नको” ही मागणी मी रोज ऐकते. बऱ्याचदा ती पुरीही करता येते, पण बीम जाड होतो, स्टील वाढतं, आणि तो निर्णय कागदावर सही करणाऱ्याचा असतो.

आईवडिलांसाठी काय वेगळं बघायचं?

तळमजल्यावर त्यांची खोली आणि त्याला लागून संडास-बाथरूम. बाथरूमचं दार सर्रास अडीच फुटी काढतात. ते तीन फुटी करा, उद्या व्हीलचेअर आली तर आत जायला हवी. शक्य असेल तर दार बाहेर उघडू द्या. आत माणूस पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं.

मोबाईल ॲपवर थ्री-डी केलंय. तेवढं पुरे ना?

देखणं दिसतं, पण ॲपमधला सोफा तुमचा नाही. कोपऱ्यातून वाकडा कॅमेरा लावला की माझं ऑफिसही महाल दिसेल.

त्यापेक्षा प्लॉटवर जा. दोऱ्या, खुंट्या आणि फक्कीची (रेघा मारायच्या पांढऱ्या भुकटीची) पिशवी घ्या. एक बाजू रस्त्याला धरून आखा, कोपऱ्यात ३-४-५ ने काटकोन तपासा (एका बाजूला तीन फूट, दुसरीला चार, तिरकं बरोबर पाच भरलं पाहिजे), आणि सगळ्या भिंती फक्कीने मारा. आधी एक सांगते: उघड्यावर आखलेली खोली नेहमी लहानच वाटते, घाबरून वाढवू नका. खोलीत पलंगाऐवजी सतरंजी अंथरा, कपाटाच्या जागी विटा मांडा, चार खुर्च्या ठेवा. आईला ओट्याच्या जागी उभं करा आणि हॉलमधून हाक मारा. संध्याकाळी पाचला परत जा आणि ऊन कुठे पडतंय ते बघा. दोन तासांचं काम आहे. त्या दोन तासांत जेवढे बदल सुचतात तेवढे आमच्या तीन बैठकांत सुचत नाहीत.

आर्किटेक्ट किंवा इंजिनिअर कायद्याने लागतोच का?

परवानगीच्या नकाशावर नोंदणीकृत आर्किटेक्टची किंवा परवानाधारक इंजिनिअरची सही लागते. मुंबई आणि काही वगळलेली क्षेत्रं सोडली तर बहुतेक राज्यात डिसेंबर २०२० पासून एकच एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आहे. छोट्या प्लॉटला त्यात प्रक्रिया सोपी केली आहे, पण सही सुटत नाही. आणि “आर्किटेक्ट” ही पाटी १९७२ च्या कायद्याप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्यालाच लावता येते. नंबर मागायला संकोच करू नका, आम्हाला राग येत नाही.

तुमचाच प्लॅन तपासून घ्यायचा असेल तर तसं आधी स्पष्ट बोला: फक्त मत, की सुधारून नवीन ड्रॉइंग, की परवानगीपर्यंत सगळं. तिन्हीची फी वेगळी. फोटोवर फुकट मत मागितलंत तर मी देते, पण तेवढ्यावर पाया खोदू नका.

बदल किती वेळा करायचे? थांबायचं कधी?

नवा बदल जुनी अडचण सोडवून तशीच नवी काढायला लागला की थांबा. आमच्याकडे एका घराचा प्लॅन चौदा वेळा बदलला आणि बांधला तो तिसरा. पाया आखेपर्यंत सगळं हलतं. जोत्यापर्यंत काम आलं तरी खिडकी सरकते, आतलं दार इकडचं तिकडे होतं, साडेचार इंची भिंत फूटभर मागे घेता येते. जिना, कॉलम आणि संडासाची लाईन मात्र तेव्हा हलवायला सांगू नका. सांगायचंच असेल तर वहीचं पान हातात असतानाच सांगा, आणि मावशींना खुर्ची टेबलाजवळ ओढून घ्यायला सांगा.